नवं पिस्तूल, जुना हात : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

पिस्तूल आलं. केस उघडल्यावर सगळ्यात आधी हातात घेतला तो कारखान्यातून आलेला चाचणीचा कागद. पिस्तूल यंत्राच्या पकडीत आवळून झाडलेल्या पाच गोळ्या, आणि कागदावर भोक एकच, पेलेटपेक्षा (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) जेमतेम मोठं. तो कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय. पुढे काहीही बिनसलं आणि चूक पिस्तुलाची की माझी असा प्रश्न पडला, की हे पान उघडायचं.

१० मीटर एअर पिस्तूल, ४.५ मिमी. वजन ९६० ग्रॅम (नियमात १५०० पर्यंत चालतं), पुढच्या आणि मागच्या साईटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर ३३० मिमी. आधीचं पिस्तूल एका स्ट्रोकमध्ये हवा दाबणारं होतं. नऊ वर्षं वापरलं. दर गोळीला लिव्हर उघडायची, दाबून मिटायची. साठ गोळ्यांची मॅच आणि आधीचे सायटर (गुण न धरले जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या) धरले तर ऐंशीएक वेळा हा व्यायाम होतो, आणि तो होतो त्याच खांद्याला जो नंतर स्थिर राहावा अशी आपली अपेक्षा असते. नव्यात सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरलेली असते. पेलेट ठेवा, झाकण लावा, उचला.

ट्रिगर मुद्दाम मेकॅनिकल घेतला. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुंदर चालतो, काचेची काडी मोडावी तसा सुटतो, हे मान्य. पण २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, तो प्रसंग मनातून जात नाही. दुरुस्तीत मिनिटं गेली, उरलेल्या गोळ्या घाईत माराव्या लागल्या, ५७५ झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्यानंतर तीन वर्षांनी पॅरिसला तिने याच प्रकारात कांस्य जिंकलं, ही तिची ताकद. माझी तेवढी नाही. मला स्वतः उघडून बघता येईल असा ट्रिगर हवा होता.

जुन्या पिस्तुलावरच्या शेवटच्या दहा पूर्ण सरावांची सरासरी ६०० पैकी ५५१ आहे. तुलना याच आकड्याशी.

स्वतःला दोन नियम घालून घेतले. एका वेळी एकच बदल. आणि मूठ हातात बसल्याशिवाय साईटच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

६ जानेवारी

आज गोळी नाही. सिलिंडर.

सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. वापराची मुदत दहा वर्षं, ती संपली की सिलिंडर बदलायचा, मग तो कितीही नवा दिसो. माझ्या दोन्ही सिलिंडरच्या तारखा वहीत उतरवल्या. हातपंपाने भरले. शेवटच्या पन्नास बारला अंगाचा पूर्ण भार टाकावा लागतो. घाईने भरलं तर सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो, म्हणून दर वीस-पंचवीस दाबांनंतर थांबले.

जोडणीच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचा मोह होतो, कारण इतर सगळ्या यंत्रांना आपण ते लावतोच. इथे ते घातक आहे. एवढ्या दाबाच्या हवेत तेलाचा अंश पेटू शकतो. रबरी रिंग कोरड्या कापडाने पुसली, बस.

सेफ्टीची रंगीत दोरी (नळी रिकामी आहे हे दाखवणारी) नळीतून पूर्ण आरपार जाते का ते पाहिलं. जुन्या पिस्तुलाची दोरी दोन बोटं आखूड पडली. नवी कापली.

७ जानेवारी

ट्रिगर तोलला. नियम किमान ५०० ग्रॅमचा : हवा भरलेली, नळी सरळ वर, वजन ट्रिगरच्या मधोमध अडकवायचं आणि पिस्तुलाने ते टेबलावरून उचलायचं. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. आलेल्या सेटिंगवर तीनदा उचललं, तिन्ही वेळा टिकलं. पहिला टप्पा साधारण ३८० ग्रॅम, दुसरा १४०. हलवलं नाही.

९ जानेवारी

रेंजवरचा पहिला दिवस.

आधी बसून, वाळूच्या पिशवीवर हात टेकून दहा गोळ्या. ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, घट्ट. डावं-उजवं अगदी मधोमध, फक्त ११ मिमी खाली. मग उभी राहून, नेहमीसारख्या एका हाताने वीस गोळ्या. खाली १२ मिमी आणि डावीकडे २२. साताच्या आणि आठाच्या कड्यात सगळा पसारा.

आणि इथे मी स्वतःचा नियम मोडला. डावीकडे लागतंय ना, मग मागची साईट उजवीकडे न्यायची. स्क्रूवर ‘आर’ अक्षर आणि बाण होता, त्या दिशेने दहा क्लिक फिरवले. पुढच्या पाच गोळ्या अजून डावीकडे, सहाच्या कड्यात. काही क्षण वाटलं, साईटच सैल आहे. पुस्तिका काढली. या बनावटीत खुणा जर्मन पद्धतीच्या आहेत : ‘आर’ म्हणजे ‘गोळी उजवीकडे लागत असेल तर इकडे फिरवा’. मी ‘गोळी उजवीकडे न्यायची असेल तर’ असं धरून चालले होते. वर-खालीचंही तसंच, ‘टी’ म्हणजे गोळी खाली लागत असेल तर.

दहा क्लिक मोजून परत फिरवले. त्यातून एक गोष्ट हाती आली : दहा क्लिकला ग्रुप १५ मिमी सरकला, म्हणजे क्लिकला दीड मिमी. केसच्या झाकणाला आतून पट्टी चिकटवली : ‘जिथे लागतंय ते अक्षर’.

१२ जानेवारी

आज सरांना दोन्ही कागद दाखवले, टेकून मारलेला आणि हाताने मारलेला. सरांनी साईटबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाले, “टेकून मधोमध जातंय, म्हणजे पिस्तूल सरळ आहे. आता तुझं बोट झटका देतंय की मूठ वळतेय, एवढंच शोधायचं.”

बोटासाठी जुनी युक्ती. मी पाठ फिरवायची, सरांनी पिस्तूल तयार करून द्यायचं : कधी पेलेट घालून, कधी पेलेटशिवाय, नुसतं ड्राय फायरवर. आत काय आहे ते मला माहीत नाही. झटका देणारं बोट कोरड्या गोळीला उघडं पडतं, पुढची साईट डुबकी मारते. वीसपैकी नऊ कोरड्या निघाल्या. सर बाजूने नळीच्या टोकाकडे बघत होते. “एकदा हललीस, चौदाव्याला. बाकी बोट स्वच्छ आहे.”

मग डोळे मिटायला सांगितले. पिस्तूल उचलायचं, हात जसा जातो तसा जाऊ द्यायचा, श्वास सोडायचा, डोळे उघडायचे आणि काहीही न सुधारता मागच्या साईटच्या खाचेत पुढची साईट कुठे दिसते ते सांगायचं.

“डावीकडे.”

पुन्हा. डावीकडे. दहापैकी नऊ वेळा डावीकडे, खाचेच्या कडेला जवळजवळ चिकटलेली.

म्हणजे दर गोळीला मी मनगट किंचित वळवून साईट मधोमध आणत होते, आणि ट्रिगर दाबताना लक्ष बोटाकडे गेलं की मनगट आपल्या मूळ जागी परत जात होतं. हे मला जाणवत नव्हतं. जुन्या मुठीत नऊ वर्षांत लाकूड झिजून माझ्या हाताच्या आकाराचं झालं होतं, त्यामुळे असा प्रश्नच कधी आला नव्हता.

घरी येऊन गणित मांडलं. साईट खाचेत ०.१ मिमी सरकली तर ३३० मिमी अंतरावर तेवढाच कोन १० मीटरवर ३ मिमी होतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, पेलेट ४.५ चं, आणि पेलेटची कड नुसती टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवा. साईटमधली पाव मिलिमीटरची चूक सगळा दहा खाऊन टाकते. उलट, साईट सरळ ठेवून सगळा हात ५ मिमी डोलला तर गोळीही फक्त ५ मिमी सरकते, दहातच राहते. आपण नवशिक्यांना ‘साईट बघ, टार्गेट बघू नकोस’ असं सांगत राहतो त्यामागे एवढं साधं त्रिकोणाचं गणित आहे. हे मी इतरांना कितीदा तरी सांगितलंय.

१४ जानेवारी

तळहातावर निळा खडू चोळला, मूठ घट्ट धरली, उचललं, पाच सेकंद धरून खाली ठेवलं. लाकडावर निळा नकाशा उमटला. बोटांच्या पेरांचे चार ठसे ठळक. अंगठ्याच्या बुडाशी पुसट. आणि मागे उजव्या बाजूला, तळहाताची टाच टेकायला हवी तिथे, बदामाएवढा तुकडा कोरा करकरीत. अक्रोडाच्या लाकडाचे रेषे तसेच दिसत होते, खडूचा कणही नाही.

तीनदा केलं, तीनदा तोच कोरा बदाम.

तिथे पोकळी आहे. हात पोकळीत शिरतो, मुठीचा मागचा भाग उजवीकडे सरकतो, नळी डावीकडे जाते. तिथे भर घातली तर मागचा भाग डावीकडे ढकलला जाईल आणि नळी उजवीकडे येईल. ९ तारखेला मी स्क्रू बरोबर दिशेने फिरवला असता तर गोळ्या मधोमध गेल्या असत्या, आणि ही पोकळी मला कधीच सापडली नसती. मनगट थकलं की ग्रुप फुटला असता आणि मी दर आठवड्याला क्लिक मोजत बसले असते.

१५ जानेवारी

दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. वाटाण्याएवढी मळली, कोऱ्या जागेवर थापली, वर पातळ प्लॅस्टिक, आणि पिस्तूल उचलून नेहमीच्या उंचीवर धरलं. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. भिंतीवर त्या उंचीला टिंब काढून ठेवलंय. डोळे मिटून तीन वेळा उचललं. पुट्टी मऊ असते तोवर हात स्वतःच सांगतो किती हवी, जास्तीची बोटांमागून बाहेर येते. कडा ओल्या बोटाने लाकडाला मिळवल्या. रात्रभर हात लावायचा नाही.

१६ जानेवारी

वाळली. कानशीने उंचवटे काढले, मग पॉलिश पेपर, आधी जाड मग बारीक. भर दीड मिमीच्या आसपास राहिली. रुंदी मोजली : पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे. लांबी-उंचीला अडचण नाही, रुंदीला असते, कारण पाम शेल्फ (तळहाताच्या खालच्या कडेला आधार देणारी, वर-खाली सरकणारी फळी) बाहेर येतं आणि आपण दुसऱ्या अंगाने पुट्टी वाढवतो. कॅलिपरवर ४८.५. मावतंय. शेल्फचा कोनही पाहिला, मनगट पूर्ण मोकळं दिसतंय.

१८ जानेवारी

डोळे मिटून दहा वेळा : आठ वेळा साईट मधोमध, दोनदा अगदी किंचित डावीकडे.

मग टार्गेट उलटं लावून कोऱ्या पांढऱ्या कागदावर वीस गोळ्या. नेम धरायला काहीच नसलं की नजर आपोआप साईटवर राहते. ग्रुप गोल. ९ तारखेचा ग्रुप आडवा पसरलेला होता, आजचा नाही. टार्गेट सरळ करून दहा : डावीकडचे २२ मिमी गेले, ३ राहिले. खाली १२ तसेच.

हे खाली लागणं पिशवीवरही होतं आणि हातानेही आहे. म्हणजे ही साईटची गोष्ट आहे. टार्गेटच्या काळ्या वर्तुळाखाली मी किती पांढरी पट्टी सोडते त्यावर ते ठरतं, आणि कारखान्यातल्या माणसाचा डोळा माझा नाही. आठ क्लिक, ‘टी’ कडे. पुढची गोळी १०.२ (दशांशात मोजलेले गुण, मध्याला जितकी जवळ तितके जास्त), त्यानंतरची ९.८, मग १०.४.

डावीकडच्या ३ मिमीला हात लावला नाही.

२१ जानेवारी

पेलेट्स. ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा तीन डोक्यांचे, सपाट तोंडाचे, पिशवीवरून पाच-पाच गोळ्यांचे दोन-दोन ग्रुप. ४.५१ चा एक ग्रुप फुटला, दुसरा चांगला. बाकी दोन्हींत फरक काढता येईना. दोन ग्रुपवरून निकाल लावणं बरोबर नाही, आणि खरं तर माझ्या हाताच्या डोलण्यापुढे हा फरक दिसणारही नाही. ४.५० चा एकच लॉट घेतला, विषय बंद.

२२ ते २९ जानेवारी

आठवडाभर फक्त ड्राय फायर, भिंतीवरच्या टिंबाखाली. रोज चाळीस. घड्याळ लावून धरण्याचा वेळ मोजला : बऱ्याच वेळा बारा-तेरा सेकंद. सातव्या-आठव्या सेकंदापर्यंत साईट शांत, मग डोळा शिळा होतो, मेंदूला ‘आत्ता, आत्ता’ असं होतं. आठ सेकंदांत सुटली नाही तर पिस्तूल खाली, असं ठरवलं. पहिल्या दिवशी चाळीसपैकी सतरा वेळा खाली घ्यावं लागलं. शेवटच्या दिवशी सहा.

सुटल्यावरही दोन सेकंद साईटकडे बघत राहायचं. पेलेट सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जातं, १० मीटरला ०.०७ सेकंद लागतात. नळीतून बाहेर पडेपर्यंतच आपली सत्ता. पण हात सोडून द्यायची सवय लागली तर तो नेमका त्याआधीच सुटायला लागतो.

१ फेब्रुवारी

पहिले पूर्ण साठ, दहा-दहाच्या सहा सिरीज, ७५ मिनिटं लावून.

९०, ९१, ९३, ८८, ९४, ९३. एकूण ५४९.

जुन्यापेक्षा दोन कमी. निराश झाले, हे लिहून ठेवते. मग चौथी सिरीज पुन्हा पाहिली. ३४ व्या गोळीपासून करंगळी बधिर व्हायला लागली होती आणि मी ती हलवत होते, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसत होती. पाम शेल्फ वर आवळलेलं होतं. घट्ट मूठ म्हणजे स्थिर मूठ असं वाटतं. पाच गोळ्या तसं राहतंही, साठ गोळ्यांना राहत नाही. शेल्फ एक मिमी खाली घेतलं, स्क्रूच्या जागी पेन्सिलीची रेघ मारली.

खांदा मात्र शेवटपर्यंत ताजा होता. शेवटच्या दोन सिरीज ९४ आणि ९३. जुन्या पिस्तुलावर शेवटच्या सिरीजला ९३ कधी आले होते ते वहीत शोधावं लागलं. दोन वर्षांपूर्वी, एकदाच.

५ फेब्रुवारी

ट्रिगरचे दोन टप्पे. ३८० अधिक १४० मध्ये दुसऱ्या टप्प्याची भिंत बोटाला नीट सापडत नव्हती, कधीकधी पहिल्यातून सरळ दुसऱ्यात घसरत होतं. पहिला ३२० वर आणला, दुसरा २०० वर. एकूण तेच. भिंत आता स्पष्ट लागते : बोट येतं, थांबतं, वाट बघतं. ५०० ग्रॅमचं वजन पुन्हा तीनदा उचललं, टिकलं.

८ फेब्रुवारी

९२, ९४, ९३, ९१, ९५, ९२. एकूण ५५७.

करंगळी ठीक. चौथी सिरीज अजूनही सगळ्यात कमी, पण कारण आता पोटात आहे, मुठीत नाही : मध्यावर येऊन मी बेरीज करायला लागते. मॉनिटरवरची एकूण गुणांची चौकट कागदाने झाकायला सरांनी सांगितलंय.

११ फेब्रुवारी

सिलिंडर किती गोळ्या देतो ते पाहिलं. २०० बारपासून सुरू करून पिशवीवरून मारत गेले, दर दहा गोळ्यांना काटा लिहिला. बराच वेळ ग्रुप जागचा हलत नाही, कारण आतला रेग्युलेटर प्रत्येक गोळीला सारखीच हवा मोजून देतो. काटा ७० च्या खाली गेल्यावर ग्रुप हळूहळू खाली उतरायला लागला. आवाजही बदलतो, किंचित भरड होतो. माझ्या पिस्तुलावर तोवर १५२ गोळ्या झाल्या होत्या. एका मॅचला पुरून उरतात, तरी मॅचला कायम नव्याने भरलेला सिलिंडर लावायचा आणि सरावात १०० बारला बदलायचा. ऐन सिरीजमध्ये गोळ्या खाली जायला लागल्या तर माझा हात आधी साईटच्या स्क्रूकडे जाईल, हे मला माहीत आहे.

१५ फेब्रुवारी

शेजारच्या लेनवर दोघं, मागे सर घड्याळ घेऊन, मॅचसारखंच. पंधरा मिनिटं तयारी आणि सायटर, मग ७५ मिनिटं. एकूण गुणांची चौकट झाकलेली.

९३, ९४, ९२, ९४, ९५, ९३. एकूण ५६१.

तेविसाव्या गोळीला पिस्तूल चार वेळा खाली घेतलं. पाचव्यांदा उचललं तेव्हा साईट खाचेत आपणहून येऊन बसली, दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या फटी. सुटल्यावर मॉनिटरकडे बघायच्या आधीच मला कळलं होतं. १०.८.

ग्रुप अजून ३ मिमी डावीकडे आहे, १८ जानेवारीपासून तेवढाच. आता तो स्थिर आहे, म्हणून आज दोन क्लिक दिले, ‘एल’ कडे.

संध्याकाळी मूठ पुसताना पुट्टीच्या वरच्या कडेला केसाएवढी चीर दिसली, लाकूड आणि पुट्टी मिळतात तिथे. घामाने असेल. नखाने दाबलं तर हलत नाही. उद्या ती कड खरवडायची, पुन्हा पातळ थर भरायचा आणि वाळल्यावर खडू लावून नकाशा परत काढायचा.